त्या गरिबाच्या लेकरांचे काय झाले?

शास्त्रपाठ : 2 शमुवेल 12:1–6



नाथान संदेष्टा दावीद राजापुढे उभा राहिला, तेव्हा त्याने राजाच्या पापाचे नाव प्रथम घेतले नाही. त्याने एका मेंढीची गोष्ट सांगितली. एका गरिबाने ती विकत घेऊन वाढविली होती. तो तिला आपल्या घासातला घास देई व लेकीप्रमाणे उराशी घेऊन निजे. शेजारच्या धनवानाकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने आपला कळप राखिला आणि गरिबाची ती एकुलती मेंढी कापिली. हे ऐकून राजा संतापला, आणि मग त्यास कळून आले की तो धनवान आपणच.

ह्या गोष्टीतील एक गोष्ट आपण वाचता वाचता ओलांडून जातो. ती मेंढी त्या मनुष्याच्या मुलांबरोबर वाढली होती. त्या मुलांचे पुढे काय झाले, हे शास्त्र सांगत नाही. आज आपण त्यांचाच विचार करू.

आपल्या मराठवाड्यातील मुलांस ह्या गोष्टीचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. कंधारकडील लाल कंधारी वासरू असो, देवणी जातीचा गोऱ्हा असो, की दारातली काळी शेळी असो, मूल त्यास नाव ठेविते आणि ते त्या हाकेस ओळखते. आता त्या मुलाचा बाप मेला, किंवा आई मेली, असे मनात आणा. आपणांस हे मनात आणणे कठीण नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मेली, गोठ्यांतील जनावरेही मेली. कित्येक मुले अनाथ झाली, आणि सुमारे 1,200 मुलांस शिक्षणासाठी पुण्यास नेण्यात आले. पुढे दुष्काळ व कर्ज ह्यांनीही पुष्कळ घरांतून बाप हिरावून नेले.

अशा मुलाजवळ मोठी माणसे येतात व म्हणतात, “रडू नको, आता तूच घरचा कर्ता.” मूल उगे राहते, पण ते शांत झाले असे नव्हे. मग ते गोठ्यात जाते आणि वासराच्या मानेस मिठी मारून रडते. वासरू त्यास काही विचारीत नाही, उपदेश करीत नाही. ते केवळ उबदार असते, आणि तेथून जात नाही.

दुसरे असे की, वासरास भूक लागते. घरातील चूल थंड असली तरी त्यास वैरण व पाणी वेळेवर द्यावेच लागते. ज्या मुलावर सर्वांनी केवळ दया केली, त्याचीही कोणास गरज आहे, हे त्यास तेथे कळते. दुःखाने थांबलेला त्याचा दिवस पुनः चालू लागतो.

परदेशीच्या विद्वानांनीही हे पाहिले आहे. अमेरिकेतील बोरिस लेविन्सन ह्या बालमानसतज्ज्ञाचा जिंगल्स नावाचा कुत्रा होता. कोणाशी न मिसळणारे एक मूल त्या कुत्र्याजवळ मोकळे झाले, आणि त्याच्या द्वारे वैद्यास मुलाच्या मनात वाट मिळाली. 1960 नंतरच्या दशकात त्याने ह्याविषयी लिहिले.

तथापि, जनावर आईबापांची जागा घेत नाही. मूल पुष्कळ दिवस जेवत नसेल, निजत नसेल, बोलत नसेल, तर त्यास वैद्याकडे न्यावे. केवळ वासरावर भिस्त ठेवू नये.

प्रचारक बंधूंनो, आता नाथानाचे बोट आपणांकडे वळते. मृत्यूच्या घरी पाहुणे जमतात आणि दारातली शेळी कापण्याचे ठरते. सावकार येतो आणि गोऱ्हा हाळीच्या बाजारास निघतो. सकाळी मूल उठते, तो दावे रिकामे! त्याने एकाच महिन्यात दोघांस गमाविलेले असते, आणि दुसऱ्याविषयी त्यास कोणी एक शब्दही बोललेले नसते. आपण त्या घरी भाकरी घेऊन जावे, की ती शेळी वाचेल. विकणे टळतच नसेल, तर मुलास आधी सांगावे, त्यास शेवटचा घास आपल्या हाताने भरवू द्यावा, आणि त्याच्या रडण्यास हसू नये.

निनवेवर दया करिताना देवाने तेथील लक्षावधी माणसांबरोबर जनावरांचीही आठवण केली, हे योनाच्या पुस्तकाच्या अगदी अखेरीस लिहिले आहे. ज्या देवास गुरांची आठवण आहे, तो गोठ्यात रडणाऱ्या मुलास विसरेल काय? आपणही त्यास विसरू नये.

हे पित्या, ज्या घरी रडणे आहे तेथे आम्हांस धनवान पाहुण्यासारखे नव्हे, तर सेवकासारखे पाठीव. आमेन.