मुक्कामाची गादी

आज रात्री पलंगावर जाण्याआधी थोडा वेळ फरशीवर आडवे व्हा. खाली काही अंथरू नका. पाठीवर झोपा, हात अंगापासून जरा दूर, तळवे वर. घाई करू नका. एवढंच करायचं आहे, असं स्वतःला सांगा.

आता लक्ष टाचांवर न्या. टाच जिथे फरशीला लागते ती जागा किती छोटी आहे ते पाहा. तिथून पोटऱ्या, मग कमरेखालचं सपाट हाड, मग खांद्याची दोन पाती, शेवटी डोक्याची मागची बाजू. कमरेचा बाक जमिनीला टेकतच नाही. त्याखालून हात सहज सरकतो. सगळं शरीर जमिनीवर आहे असं वाटतं खरं, पण ते मोजक्याच ठिकाणी टेकलेलं असतं आणि सगळा भार तेवढ्याच जागा पेलतात. थोड्या वेळाने त्या बोलायला लागतील. त्यांचं बोलणं ऐका, लगेच हलू नका.

मग कुशीवर वळा. आता भार दोनच हाडांवर आला, खांदा आणि खुबा. श्वास सावकाश चालू ठेवा आणि या दोन हाडांपैकी आधी कोणतं तक्रार करतं ते बघा. ते लक्षात ठेवा. वारीत मुक्कामाला न्यायच्या गादीची निवड त्या हाडाला विचारूनच करायची आहे.

नरसी नामदेव हे कयाधू नदीकाठचं गाव. संत नामदेवांचा जन्म 1270 सालचा, आणि हिंगोली जिल्ह्यातलं हे गाव त्यांचं जन्मस्थान म्हणून पूज्य आहे. इथून दर वर्षी आषाढीसाठी पालखी पंढरपूरला निघते. दिवसभर चालायचं आणि रात्री मिळेल तिथे पाठ टेकायची: शाळेचा व्हरांडा, देवळाचा ओटा, रानात टाकलेला तंबू. वळकटीत एक सतरंजी, एक चादर, पावसासाठी प्लास्टिकचा कागद. पिढ्यान्‌पिढ्या एवढ्यावर वारी झाली आहे आणि आजही होते. पण साठीनंतर खुबा ऐकत नाही, मणका ऐकत नाही, आणि रात्री डोळा लागला नाही तर सकाळी पाय उचलत नाही. अशा चालणाऱ्याने आपोआप फुगणारी गादी घ्यावी का आणि कोणती घ्यावी, हा मला मनापासून महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे. तिला चैन म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पंढरीला चालत पोचण्यासाठी झोप लागतेच.

पुन्हा पाठीवर या. एक तळवा फरशीवर ठेवा. आधी गार लागेल. थोडा वेळ तसाच राहू द्या. हाताची ऊब फरशीत उतरते आहे. रात्रभर हेच सगळ्या पाठीचं होत असतं. उन्हाने भाजलेल्या काळ्या मातीवर पहिला पाऊस पडून गेला की ती ओल धरते आणि पाठीची ऊब ओढत राहते. अंगावरचं पांघरूण ऊब राखतं, कारण त्याच्या धाग्यांत हवा अडकलेली असते. तेच पांघरूण अंगाखाली घेतलं तर आपल्याच वजनाने ते दबतं, हवा निघून जाते आणि ऊबही जाते. म्हणजे अंगाखाली हवा तर हवी, पण ती दबून पळून जाता कामा नये.

आपोआप फुगणाऱ्या गादीने हीच अडचण सोडवली. हवाबंद कापडाच्या आत सच्छिद्र फोम असतो. गादी गुंडाळताना तो दाबला जातो, आणि व्हॉल्व्ह उघडला की पिळलेला स्पंज पाण्यात सोडावा तसा तो पसरत जातो आणि बाहेरची हवा आत ओढून घेतो. व्हॉल्व्ह बंद केला की ती हवा आतच अडकते, आणि फोममुळे तिला इकडून तिकडे फिरताही येत नाही. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे बोईंगमधल्या नोकऱ्या गेलेले जिम ली आणि नील अँडरसन हे दोन अभियंते या कल्पनेच्या मागे लागले. बागकामात गुडघ्याखाली घेतलेल्या फोममधून हवा बाहेर जाते आणि परत येते, यावरून ती सुचली असं सांगतात. त्यांची गादी ‘थर्म-अ-रेस्ट’ या नावाने जगभर गेली. गिर्यारोहकांसाठी निघालेली ही वस्तू मराठवाड्यातल्या वारकऱ्याच्या पाठीलाही तितकीच लागू पडते, कारण हाडं सगळीकडे सारखीच.

आता जाडीचा विचार करू. बाजारात अडीच सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत जाडी मिळते. आकड्याकडे लगेच जाऊ नका. घरातल्या गोधड्या घ्या. एक अंथरून कुशीवर झोपा आणि वाट पाहा. खुबा टेकतो का? दुसरी घाला. पुन्हा वाट पाहा. दुकानात उभ्या उभ्या गादी दाबून जे कळत नाही ते इथे पडल्या पडल्या कळतं. पाठीवर झोपणाऱ्याचं अडीच-तीन सेंटिमीटरवर भागू शकतं. कुशीवर झोपणाऱ्याला मात्र पाचच्या आसपास लागते, रुंद खुब्याच्या बाईमाणसाला किंवा जड शरीराला त्याहून थोडी जास्त. दहा सेंटिमीटरची गादी घरासारखी मऊ असते, पण ती दिंडीत नेऊ नये असं मी म्हणेन. तिचं गुंडाळं ट्रकमध्ये चार माणसांच्या वळकट्यांची जागा खातं. सामान ट्रक वाहतो म्हणून वजनाची फिकीर नाही, जागेची मात्र करावी. तीही दुसऱ्याच्या जागेची.

गादी किती ऊब राखते ते ‘आर-व्हॅल्यू’ नावाच्या आकड्याने सांगतात. तो जितका मोठा तितकी जमिनीकडे जाणारी ऊब कमी. हिमालयात बर्फावर झोपणाऱ्याला तो चारच्या वर लागतो. ज्येष्ठ-आषाढातल्या आपल्या रात्रींना एक-दोन पुष्कळ झाले. त्यासाठी जास्त पैसे घालू नका. पैसे कापडात घाला. कारण मुक्कामाच्या जागी बाभळीचा काटा असतो, सराटे असतात. खाली ताडपत्री अंथरा, आणि अंथरण्याआधी जमिनीवरून तळहात फिरवा, सावकाश, कडेपासून कडेपर्यंत. या एका कृतीने बरीच पंक्चर टळतील.

नामदेवांचं घराणं शिंप्याचं. त्यांच्या गावातून निघणाऱ्या माणसाच्या सामानात अशी एक वस्तू असेल जिच्या हवेच्या कप्प्याला टाका घालता येत नाही. कापडाच्या कडा उष्णतेने जोडलेल्या असतात आणि सुईचं एक भोकही रात्रीतून हवा काढून टाकतं. म्हणून ठिगळ चिकटवायचं सामान सोबत ठेवा. गादी फुगवून पाण्याच्या टपात दाबली की बुडबुडे जागा दाखवतात. ठिगळ लावलं की ते नीट सुकू द्या.

गादी मिळाली असं समजू. नवी असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी व्हॉल्व्ह उघडून रात्रभर पसरून ठेवा, कारण गोदामात दबून राहिलेला फोम पहिल्यांदा आळशी असतो. आता तिच्यावर कुशीवर झोपा. गादी टणक लागते? बहुतेकांना लागते, कारण ठासून हवा भरली की बरं, अशी आपली समजूत असते. एक बोट व्हॉल्व्हवर ठेवा. किंचित उघडा. हवा जाताना येणारा बारीक आवाज ऐका. खुबा खाली उतरतो आहे, खांदा उतरतो आहे, कमरेचा बाक भरून येतो आहे. दुसरा हात खुब्याखाली सरकवा. हाड जमिनीला टेकायच्या जरा आधी व्हॉल्व्ह बंद करा. हे जमलं तर साधी पाच सेंटिमीटरची गादीही महागड्या गादीहून सुखाची होते, आणि मी या कौशल्याला गादीच्या किमतीहून जास्त मानतो. हवा कमी पडली तर तोंडाने दोन-चार फुंकराच मारा. रोज तोंडानेच भरलीत तर श्वासातली वाफ आत साचून फोमला बुरशी धरू शकते.

नरसीच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर तिथल्या देवळात पिंडीवर पाय ठेवून निजले होते, ही कथा तुम्हाला ठाऊक असेल. नामदेवांनी पाय हलवायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे तूच माझे पाय ठेव. पाय जिथे नेले तिथे पिंडी उभी राहिली. आडवं होताना ही कथा आठवावी असं मला वाटतं. ओटा उंच की सखल, व्हरांडा मिळाला की रान, यावरून मुक्कामी जी कुरकुर होते ती आठवा, आणि मग गादी टाका. डोकं चढाकडे, पाय उताराकडे. शेजारच्याला कूस बदलायला जागा सोडून. नामदेव पुढे पंजाबात घुमानपर्यंत गेले, गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत. एवढ्या वाटेत किती प्रकारच्या जमिनींवर ते निजले असतील याचा विचार करत डोळे मिटा. गादीवर सुती चादर असू द्या, नाहीतर घामाने अंग चिकटतं.

पहाटे काकड्याच्या आधी उठावं लागेल. अंधारात, ट्रकवाला सामान मागत असताना, ही गादी पहिल्या दिवशी त्रास देईल. व्हॉल्व्ह उघडा, पायाकडून गुंडाळत व्हॉल्व्हकडे या, गुडघ्याने हवा दाबत. बंद करा. उलगडा, लांबीत दुमडा, पुन्हा गुंडाळा. झटापट करू नका. फोमला हवा सोडायला त्याचा वेळ द्या. निघण्याआधी घरी हे इतक्यांदा करा की हातांना दिवा लागू नये.

आषाढ वद्य एकादशीला नरसीत परतवारी भरते. तिथून घरी आलात की गादी ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. कडक ऊन लावू नका. मग तिला गुंडाळून माळ्यावर टाकू नका, वर्षभर दबलेला फोम पुढच्या वारीला उठत नाही. व्हॉल्व्ह उघडा ठेवून पलंगाखाली सपाट पसरा. वर जड काही ठेवू नका, आणि उंदीर कुरतडणार नाहीत एवढं अधूनमधून वाकून बघत जा.