विश्वास कोणाचा मोजायचा?

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजारी माणसासाठी एक सूचना आहे. त्याने मंडळीच्या वडिलांना बोलावून घ्यावे, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाने केलेली ती प्रार्थना त्याला वाचवील, असा तिचा आशय. जगभरच्या ख्रिस्ती लोकांनी या दोन-तीन ओळी फार मनावर घेतल्या आहेत. कॅथलिकांचा आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार त्यांच्याच आधाराने चालतो, आणि मैदानावर मांडव घालून, डोक्यावर हात ठेवून रोग घालवणाऱ्या सभाही.

या ओळी दोन प्रकारे कानावर पडतात. विश्वास ठेवा, बरे व्हाल, हा एक प्रकार. बरे झाला नाहीत, म्हणजे विश्वास नव्हता, हा दुसरा. दुसरे वाक्य व्यासपीठावरून क्वचितच बोलले जाते, पण आजाऱ्याला ते बरोबर ऐकू येते. मला विचार करायचा आहे तो या दुसऱ्या वाक्याचा.

तंजावरात राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. इथून सुमारे 90 किलोमीटरवर, समुद्रकाठी वेलंकनी आहे. 1991 मध्ये नागपट्टिणम जिल्हा वेगळा होईपर्यंत ते तंजावर जिल्ह्यातच होते, आणि तिथले चर्च आजही तंजावरच्या धर्मप्रांतात मोडते. तिथल्या मातेचे नावच आरोग्यमाता. दर वर्षी 29 ऑगस्टला ध्वज चढतो आणि 8 सप्टेंबरपर्यंत उत्सव चालतो. त्या दिवसांत भगवे कपडे घातलेले यात्रेकरू अनवाणी चालत जाताना आम्ही रस्त्यावर पाहतो. त्यांत हिंदूही पुष्कळ असतात. लोक तिथे मुंडण करतात, नवस फेडतात, दुखणाऱ्या अवयवाच्या छोट्या प्रतिमा वाहतात. वांद्र्याच्या मोतमावलीला मेणाचे हात-पाय वाहिलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

वेलंकनीला भक्तांनी वाहिलेल्या वस्तूंचे एक संग्रहालय आहे. बरे झालेल्यांनी कृतज्ञतेने दिलेल्या वस्तू तिथे मांडल्या आहेत. ते पाहताना सिसेरोने सांगितलेली एक गोष्ट आठवते. डायगोरस नावाच्या नास्तिकाला त्याच्या मित्राने देवळातली चित्रे दाखवली. नवस बोलल्यामुळे वादळातून वाचलेल्या खलाशांनी ती वाहिली होती. डायगोरस म्हणाला, खरे आहे, पण बुडालेल्यांची चित्रे कुठे लावली आहेत? वेलंकनीच्या तीन मूळ कथांपैकी एक नेमकी वादळातून वाचलेल्या पोर्तुगीज खलाशांचीच आहे, त्यामुळे ही आठवण तिथे अधिकच टोचते.

26 डिसेंबर 2004 ला तर हा प्रश्न गोष्टीतला राहिला नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्सुनामीचे पाणी वेलंकनीच्या किनाऱ्यावर आले. ते मुख्य चर्चमध्ये शिरले नाही, आणि आत असलेले लोक वाचले. याला अनेकांनी चमत्कार म्हटले. पण किनाऱ्यावर आणि बाजारात शेकडो माणसे गेली, आणि त्यांतले कितीतरी जण त्याच मातेकडे आलेले यात्रेकरू होते. आत असलेल्यांचा विश्वास बाहेरच्यांपेक्षा मोठा होता, असे म्हणायला कोणाची जीभ रेटेल? चर्चला चमत्कार म्हणणाऱ्या बहुतेकांच्या मनात तसे काही नसणार. पण वाचलेल्याच्या वाचण्याचे श्रेय आपण त्याच्या विश्वासाला दिले, की गेलेल्याच्या जाण्याचा हिशेबही त्याच वहीत आपोआप लिहिला जातो.

डायगोरसचा प्रश्न पुराव्याचा होता. माझा त्याहून थोडा वेगळा आहे. ज्याचे चित्र लागले नाही, त्याला आपण काय सांगतो?

आमच्या रस्त्यावर शिवणकाम करणाऱ्या एक ख्रिस्ती बाई राहतात. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. त्यांच्या मुलाची मूत्रपिंडे निकामी झाली. डायलिसिस चालू होते आणि प्रार्थनाही चालू होत्या. एका फिरत्या उपदेशकाने घरी येऊन सांगितले की देव बरे करायला तयार आहे, पण या घरात कोणाच्या तरी मनात शंका आहे. मुलगा पुढे सात महिन्यांनी गेला. वर्षश्राद्धाच्या सुमारास अक्कांनी मला विचारले, “अण्णा, ती शंका माझी होती का? डायलिसिसला पैसे जुळवत होते, ते शंकेत मोजले गेले असेल का?”

या प्रश्नाला मुलाच्या आजारात आधार नव्हता. तो बाहेरून आणून अक्कांच्या मनात ठेवलेला होता. आजाराने त्यांचा मुलगा नेला, आणि त्या शिकवणीने त्यांना त्याच्या मृत्यूची वाटेकरी केले. ही शिकवण कधी खोटी ठरू शकत नाही. रोगी बरा झाला तर ती खरी, न झाला तरी खरीच, कारण दोष रोग्याच्या मनात शोधता येतो आणि मन कोणी उघडून दाखवू शकत नाही. ज्या दाव्याचे अपयश नेहमी दुसऱ्यानेच सोसायचे असते, तो दावा करणे फार स्वस्त पडते.

आता ज्या ग्रंथाच्या नावाने हे सांगितले जाते तो ग्रंथ काय म्हणतो, ते पाहायला हवे. मी ख्रिस्ती नाही, पण इतके वाचायला त्याची गरज नाही. मार्काच्या शुभवर्तमानात एका पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे उचलून आणतात. गर्दीमुळे दारातून वाट मिळत नाही, म्हणून छप्पर उसकटून त्याची बाज खाली सोडतात. तिथे लिहिले आहे की येशूने त्यांचा, म्हणजे आणणाऱ्यांचा, विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाला काय वाटत होते, हे विचारलेलेच नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून पाप कोणाचे असे विचारतात, याचे की याच्या आईबापांचे. येशू दोन्ही नाकारतो. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला. त्याने आपला सोबती त्रफिम याला मिलेत येथे आजारी सोडले आणि तीमथ्याला वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. यांच्यापैकी कोणाच्याही विश्वासाची झडती घेतलेली नाही.

याकोबाचे पत्र या उजेडात पुन्हा वाचले तर काय दिसते? आजाऱ्याने करायची गोष्ट एकच आहे, बोलावणे पाठवायचे. येणे, तेल लावणे आणि विश्वासाने प्रार्थना करणे ही कामे आलेल्यांची आहेत. विश्वास मोजायचाच असेल, तर तो धडधाकट माणसांचा मोजावा, असे ती ओळ सांगते. रोग्याला ताप असतो, वेदना असतात, झोप नसते. त्या अवस्थेत त्याच्याकडून अढळ श्रद्धेची मागणी करणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याची परीक्षा द्यायला लावणे.

तंजावरच्या शिवगंगा कोटात, मोठ्या देवळाच्या जवळ, 1779 मध्ये बांधलेले एक चर्च आहे. श्वार्ट्झ चर्च म्हणून ते ओळखले जाते. क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन पाद्री 1750 मध्ये तरंगंबाडीला उतरले आणि पुढे तंजावरला स्थायिक झाले. पुढे गादीवर बसलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांचे ते पालक होते. 13 फेब्रुवारी 1798 ला त्यांचे निधन झाले. सरफोजीराजांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करवून घेतले, ते या चर्चमध्ये आहे. त्यात श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहेत आणि तरुण मराठा राजा त्यांचा हात धरून उभा आहे.

चर्चमध्ये लावायच्या शिल्पासाठी एखादा चमत्कार निवडता आला असता. इथे निवडला आहे तो बरे न होण्याचा क्षण. जन्मभर प्रार्थना केलेला पाद्री मरतो आहे, शेजारी ख्रिस्ती नसलेला आणि पुढेही न झालेला राजा उभा आहे, आणि या चित्रात कोणाचा विश्वास कमी पडला असे कोणालाही वाटत नाही. याच राजाने पुढे धन्वंतरी महाल उभारला. तिथे सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि पाश्चात्य वैद्यकाच्या जाणकारांकडून औषधांचा अभ्यास करवला. त्याच्या काळच्या नेत्ररुग्णांची टिपणे, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. त्याने काशीयात्राही केली. देवाकडे मागणे आणि मोतीबिंदू काढणे यांत त्याला विरोध वाटला नाही. ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही नंतर हेच केले. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी आणि वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी रुग्णालये उभी केली, ती प्रार्थना सोडून दिली म्हणून नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ज्याला डॉक्टरांनी हात टेकले आहेत असे सांगितले, त्याच्याकडे आशेशिवाय काय उरते? ती का हिरावून घ्यायची? माझे उत्तर असे की आशा कोणीच हिरावून घेऊ नये. वेलंकनीला जाणाऱ्या थकलेल्या बाईला मी थांबवणार नाही. ती मागते, आणि मागण्यात नकाराची शक्यता धरलेली असते. गेथशेमाने बागेतली येशूची स्वतःची प्रार्थनाही तशीच होती: प्याला टळावा, पण माझ्या इच्छेप्रमाणे नको. हमी मात्र मागण्याहून वेगळी. हमी मिळाली की औषध चालू ठेवणे हाच अविश्वास ठरू लागतो, आणि कोणीतरी क्षयाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन मध्येच सोडते.

आपण बाकीच्यांनी यात फार शहाणे होऊ नये. नवस फेडायचा राहिला म्हणून दुखणे आले, हे आमच्या मराठी घरांतही ऐकू येते. मागच्या जन्मीचे भोग हे उत्तर तर तयारच असते. आणि देव न मानणारी माणसे कर्करोगाच्या रुग्णाला सांगतात, मन खंबीर ठेव, लढ, म्हणजे जिंकशील. तो गेला की तो लढाई हरला असे लिहितात. शब्द बदलले, वही तीच.

अक्कांना मी मार्काची गोष्ट सांगितली. ती त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत होती. छपरावरच्या चौघांबद्दल मात्र त्यांना कोणी वेगळे काढून बोललेले नव्हते. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा मुलाला रिक्षात घालून नेणारी बाई त्या चौघांपैकी होती, असे मला वाटते आणि मी तसे म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. ते त्यांना पटले की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्यांच्या धर्मातल्या कोणा वडीलधाऱ्याने त्यांना हे सांगायला हवे होते, मुलगा जिवंत असताना, आणि त्यांनी बोलावणे पाठवण्याची वाट न पाहता.