शेजाराला किंमत आहे

परळच्या प्रयोगशाळेत काम करणारा एक मित्र म्हणाला, "अक्षरं मोजायची आणि मोकळं व्हायचं." प्रश्न होता डीएनएच्या आखूड तुकड्याचे दोन धागे किती अंश तापमानाला सुटतात हा. नियम त्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ: ए-टी जोडीला दोन अंश, जी-सी जोडीला चार. वीस अक्षरं निम्मी-निम्मी असली की साठ.

मला ते खटकलं. धागा कशाचा बनलाय आणि कोणत्या क्रमाने, या गोष्टी वेगळ्या. समोरासमोरच्या हायड्रोजन बंधांइतकाच, किंबहुना जास्तच, जोर एकावर एक रचलेल्या जोड्यांच्या चिकटण्यातून येतो. म्हणून सांतालुसिया या संशोधकाच्या १९९८च्या तक्त्यात किंमत शेजाराला आहे. एपुढे टी असेल तर मोलमागे ०.८८ किलोकॅलरी, टीपुढे ए असेल तर ०.५८. गिरगावच्या चाळीत बिऱ्हाडं तीच, पण कोणाच्या भिंतीला कोण, यावर सुखदुःख ठरतं!

हा शेजार निदानातही आडवा येतो. केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली. तिथल्या अभ्यासाचा एक मोठा विषय बीटा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्याकडे त्याचा सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे आयव्हीएस १-५: जनुकातल्या एका जीच्या जागी सी. चाचणीत निरोगी आणि सदोष जनुकाला चिकटणारे डीएनएचे आखूड तुकडे, म्हणजे प्रोब, एकाच पट्टीवर; न जुळलेला धागा सुटावा म्हणून करायचं धुणंही एकाच तापमानाला.

आता मोजा अक्षरं! जी गेला, सी आला. मित्राच्या नियमात दोन्ही प्रोब अगदी सारखे. शेजार धरला तर निरोगी जी-जी-टी ३.२८, सदोष जी-सी-टी ३.५२.

"०.२४साठी एवढा आटापिटा?" मित्र म्हणाला. "शिवाय तुझा तक्ता एक मोलर मिठातला." मिठाची दुरुस्ती करता येते. पण ०.२४ फारच किरकोळ, हे मान्य करावं लागलं. मग लक्षात आलं, आम्ही दोघेही भलताच आकडा धरून भांडत होतो. निदानाला लागते ती जुळलेल्या धाग्याची ताकद नव्हे. जुळलेला आणि विजोड यांच्यातली दरी. विजोड जोड्यांत जी-जी बऱ्यापैकी तग धरते, सी-सी सर्वांत दुबळ्यांपैकी. तेव्हा निरोगी प्रोब एका धाग्यावरून घ्यावा, सदोष दुसऱ्यावरून, म्हणजे त्या जागी दोन्हींत सी येतो आणि चुकीचं जनुक समोर आलं की दोन्हीकडे सी-सीच होते.