नाताळ पाळावा का, आणि कसा?

आगमनकाळ सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी लग्न, वाटणी, दशांश यांबद्दल विचारणारी माणसे डिसेंबरात सणाबद्दल विचारू लागतात. यंदा माधवनगर, बुधगाव आणि मिरजेकडून आलेल्या शंका एकमेकींना इतक्या लागून आहेत की त्या एकाच अंकात घ्याव्यात असे वाटले. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेप्रमाणे गाळली आहेत.

शंका : आमच्या मंडळीत एक पाहुणे उपदेशक येऊन गेले. 25 डिसेंबर बायबलमध्ये कुठेच नाही, तो मूर्तिपूजक रोमी लोकांचा सण आहे, म्हणून नाताळ पाळणे पाप आहे, असे त्यांनी सांगितले. तेव्हापासून तरुण संघात दोन तट पडले आहेत. यंदा काही जण उपासनेलाच येणार नाही म्हणतात. खरे काय मानायचे? (एक तरुण, माधवनगर)

समाधान : तारखेपुरते त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि ते खुल्या मनाने मान्य करा. मत्तय आणि लूक जन्माची हकीकत सांगतात, पण दिवस सांगत नाहीत. पूर्वेकडून आलेले मागी लोक तीन होते असेही लिहिलेले नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशी दाने तीन होती, एवढेच. रोममध्ये 354 साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात 25 डिसेंबरला ख्रिस्तजन्माची नोंद आहे, आणि तीच सर्वांत जुनी पक्की नोंद मानली जाते. ही तारीख सूर्याच्या रोमी उत्सवावरून आली, असे काही अभ्यासक म्हणतात. 25 मार्चला गर्भधारणा झाली असे धरून पुढे नऊ महिने मोजले, असे इतर काही जण म्हणतात. आर्मेनियाची मंडळी आजही 6 जानेवारीला जन्मोत्सव करते. रशियातील मंडळी जुने कॅलेंडर धरते, त्यामुळे तिचा नाताळ आपल्या 7 जानेवारीला पडतो. या सगळ्यांना पापी ठरवायचे असेल तर फार मोठी यादी करावी लागेल.

आता आपल्याच घरची एक गोष्ट सांगतो. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1659 साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला होता. तो कायदा 1681 साली उठला, पण तिथल्या मंडळ्यांत पुढेही कित्येक वर्षे 25 डिसेंबर हा कामाचाच दिवस होता. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुटी 1958 साली मिळाली. आणि आपल्याकडे सुवार्ता कोण घेऊन आले? 1813 साली मुंबईत उतरलेले आणि पुढे अहमदनगर, साताऱ्यापर्यंत पोचलेले अमेरिकन मराठी मिशन हे मॅसॅच्युसेट्स ज्या भागात येते त्या न्यू इंग्लंडचे. 1852 साली कोल्हापुरात आलेले रॉयल वाइल्डर त्याच परंपरेतले. सांगली-मिरजेकडे काम वाढवणारे प्रेस्बिटेरियन मूळच्या स्कॉटिश वळणाचे. म्हणजे आपल्या पणजोबांच्या हाती ज्यांनी बायबल दिले, त्यांच्या पहिल्या पिढीतल्या बहुतेकांच्या लहानपणी नाताळ हा सण नव्हता. त्यांचा विश्वास त्यामुळे उणा नव्हता. पुढे त्यांच्याच नातवंडांनी नाताळची झाडे सजवली, म्हणून त्यांचाही उणा झाला नाही.

उपदेशकांचे चुकले ते पुढच्या पायरीवर. ज्या गोष्टीची पवित्र शास्त्राने आज्ञा केली नाही आणि मनाईही केली नाही, तिचा त्यांनी नियम केला. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय तुमच्या संघाने एकत्र बसून वाचावा. कोणी एक दिवस दुसऱ्याहून मोठा मानतो, कोणी सारे दिवस सारखे मानतो. पौल दोघांनाही राहू देतो. पाळणाऱ्याने न पाळणाऱ्याला तुच्छ लेखायचे नाही आणि न पाळणाऱ्याने पाळणाऱ्याचा न्याय करायचा नाही, एवढीच त्याची अट आहे. नाताळ ही आपल्याला मिळालेली मोकळीक आहे, आणि मोकळीक शेजाऱ्याच्या भल्यासाठी वापरायची असते. माझ्या समजुतीप्रमाणे सगळ्या वादाचा निकाल इथेच लागतो.

तेव्हा जे येणार नाहीत त्यांची हजेरी मांडू नका. उलट दोन्ही तटांनी मिळून करण्याजोगे एक काम सुचवतो. मिरजेच्या दवाखान्यांत कर्नाटकातून, कोकणातून रुग्ण येतात. त्यांचे नातेवाईक डिसेंबरच्या थंडीत व्हरांड्यात किंवा फाटकाबाहेर रात्र काढतात. 24 तारखेच्या रात्री गरम भाकरी-आमटी आणि चार घोंगड्या घेऊन तिथे जा. आधी दवाखान्याची परवानगी काढा. या कामाला तारखेचा वाद आड येत नाही. डॉक्टर विल्यम वानलेस 1889 साली इकडे आले आणि 1894 साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले. वानलेसवाडीचे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे ते आजाऱ्यांच्या सेवेमुळे.

शंका : आमच्या गल्लीत आमचे एकच ख्रिस्ती घर आहे. दिवाळीत सगळ्यांकडून फराळाचे ताट येते आणि नाताळात मी करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या करून पाठवते. माझ्या नणंदबाई हल्ली दुसऱ्या मंडळीत जातात. त्या म्हणतात, दिवाळीचा फराळ खाणे म्हणजे मूर्तीचा नैवेद्य खाणे, आणि नाताळात करंजी करणे ही दिवाळीची नक्कल. मला फार अपराध्यासारखे वाटते. (एक भगिनी, माधवनगर)

समाधान : ताई, तुमच्या मनावरचे हे ओझे आधी खाली ठेवा. करिंथच्या मंडळीला नेमका हाच पेच पडला होता, आणि पहिल्या पत्राच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत पौलाने तो सविस्तर सोडवला आहे. कोणी जेवायला बोलावले तर वाढलेले खा, उगाच चौकशी करत बसू नका, असे तो सांगतो. समोरच्याने स्वतःहून हे देवाला वाहिलेले आहे असे सांगितले, तर त्याच्या विवेकासाठी घेऊ नका. मूर्ती काहीच नाही हे पौलाला ठाऊकच आहे. त्याला काळजी आहे ती पाहणाऱ्या माणसाची.

आपल्या गल्लीत याचा अर्थ असा. शेजारणीने स्वयंपाकघरातून भरून आणलेले चिवडा-लाडवाचे ताट हे शेजारधर्माचे ताट आहे. ते आनंदाने घ्या. सत्यनारायणाचा प्रसाद हातावर ठेवायला आणला, तर हात जोडून म्हणा, ‘वहिनी, आमच्यात प्रसाद घेत नाहीत, पण जेवायला बोलवाल तेव्हा नक्की येते.’ यात अपमान वाटण्याची भीती बाळगू नका. ज्या घरात चतुर्थी, एकादशी आणि मार्गशीर्षातले गुरुवार पाळले जातात, त्या घराला ‘आमच्यात चालत नाही’ हे वाक्य लगेच समजते. अडचण होते ती तोंड वाकडे करून ताट परत पाठवल्यावर, किंवा घेऊन मागच्या दाराने टाकून दिल्यावर. दुसरा प्रकार तर मला पहिल्याहून वाईट वाटतो, कारण त्यात खोटेपणाही येतो.

करंजीचे म्हणाल तर ती कोणत्याच धर्माची नाही. मैदा, रवा, खोबरे, गूळ या मुलखात जे मिळते त्याचे गोड इथली माणसे करणारच. नक्कलच मोजायची तर केकसुद्धा बेथलेहेमात नव्हता. तुमच्या घरी सारण परतताना वेलदोड्याचा वास गल्लीभर जातो आणि लेकरे ‘काकू, नाताळ कधी?’ विचारतात, ही प्रभूच्या जन्माची बातमीच आहे. तुम्ही न बोलता ती दारोदार पोचवता.

एक बारीक गोष्ट मात्र पाळा. ताटात केक ठेवणार असाल तर अंड्याचा की बिनअंड्याचा हे सांगा, आणि शाकाहारी घरी अंड्याचा केक करंजीला लावून ठेवू नका. त्यांना मग सगळेच ताट बाजूला सारावे लागते. काही वर्षी नाताळ मार्गशीर्षाच्या गुरुवारी येतो. त्या दिवशी उपास असलेल्या घरी ताट सकाळी न पाठवता संध्याकाळी, उपास सुटायच्या वेळी पाठवा. नणंदबाईंना हेही सांगा की रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायातला पौल खाण्याच्या हक्काहून भावाच्या अडखळण्याची जास्त फिकीर करतो. त्या घरी आल्या की त्यांच्यापुढे दिवाळीचा फराळ मांडू नका. त्यांच्याशी वाद न घालता एवढे करता येईल.

शंका : कॅरलला तरुणांना कीबोर्ड, गिटार आणि इंग्रजी गाणी हवीत, जुनी माणसे ‘उपासना संगीत’ या पुस्तकातली गीते आणि पेटी-तबला सोडायला तयार नाहीत. देवाला कोणते गाणे आवडेल? (पंच कमिटीचे एक सभासद, मिरज)

समाधान : देव दोन्ही ऐकेल. पण कॅरल देवाबरोबर दारातल्या माणसालाही ऐकवायचे असते, म्हणून त्याला समजेल ते गाणे आधी. ज्या मिरजेतून तंबोरे देशभर जातात तिथे पेटी-तबला जुनाट झाला असे म्हणवत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि अभंग, ओवी, कीर्तन सोबत घेऊन मंडळीत आले. 1917 साली मिशनचे काम सोडून ते साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. ख्रिस्त मराठी माणसाला मराठी चालीतच ओळखीचा वाटेल, ही त्यांची खात्री होती. ती मला आजही पटते. पण तरुणांचा कीबोर्ड काढून घेऊ नका. दारासमोर मराठी गीत, आणि संडे स्कूलच्या कार्यक्रमात त्यांची गाणी, अशी वाटणी करून पाहा. गिटारवर अभंग वाजत नाही असे कोणी सांगितले?

आवाजाबद्दल मात्र तडजोड नको. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद, हा 2000 सालचा नियम आहे. नाताळासाठी प्रशासनाने सवलत दिली तरी ती घेतलीच पाहिजे असे नाही. परीक्षेला बसलेली मुले, तान्ही बाळे आणि पहाटपाळीचे कामगार प्रत्येक गल्लीत असतात. आणखी एक, कॅरलचा फेरा चहा-केक मिळणाऱ्या बंगल्यांपासून सुरू करू नका. पहिली बातमी रात्रपाळीच्या मेंढपाळांना गेली होती.

शंका : माझा मित्र ख्रिस्ती आहे. 25 तारखेच्या उपासनेला त्याने बोलावले आहे. मी हिंदू आहे, गेलो तर चालेल का? भाकर आणि प्याला आला तर काय करू? (एक वाचक, बुधगाव)

समाधान : अवश्य जा. मागे बसायची गरज नाही, मित्राशेजारी बसा. सगळे उभे राहतील तेव्हा उभे राहा, प्रार्थनेत नुसते शांत बसलात तरी पुरे. चपला बाहेर काढायच्या की नाहीत हे मंडळीगणिक बदलते. दारातल्या पायताणांवरून कळेल. प्रभुभोजन बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असते, म्हणून ते आले की जागेवर बसून राहा. त्यात तुम्हाला वगळल्याचा भाव नाही. उपासनेनंतर ‘नाताळच्या शुभेच्छा’ म्हणा, ‘जय ख्रिस्त’ ऐकू आले तर हसून नमस्कार करा, आणि मित्राच्या घरी जेवल्याशिवाय परत येऊ नका.

शंका : माझे यजमान ऑगस्टमध्ये प्रभूकडे गेले. सासरची माणसे म्हणतात, वर्षभर सण करायचा नाही; चांदणी लावायची नाही, तळण करायचे नाही, कॅरलवाल्यांना दार उघडायचे नाही. धाकटी मुलगी रोज चांदणीचे विचारते. मला स्वतःलाही काही करावेसे वाटत नाही, पण तिच्याकडे बघवत नाही. रंगीत साडी नेसून उपासनेला गेले तर लोक बोलतील. (एक भगिनी, माधवनगर)

समाधान : ताई, तुमचे पत्र मी पुन्हापुन्हा वाचले. वर्षभर सण न करण्याचा नियम आपल्या शास्त्रात नाही. सुतक, विटाळ यांतले काहीही ख्रिस्ती माणसाला बांधत नाही. साडीच्या रंगाचाही नियम नाही. कोणी बोलले तर बोलणाऱ्याने मंडळीला उत्तर द्यावे, तुम्ही नाही.

पण शोक संपला असे दाखवा, असेही मी सांगणार नाही. नाताळच्या हकीकतीत रडणे आहेच. मत्तयाने हेरोदाच्या हातून मारल्या गेलेल्या बालकांच्या आयांचा आकांत मागींच्या आनंदाला लागूनच लिहिला आहे. आणि लूकचा दुसरा अध्याय मेंढपाळांवर थांबवू नका, पुढे वाचा. मंदिरात हन्ना नावाची एक विधवा आहे. लग्नानंतर सात वर्षांत पती गेला, आणि आता ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. बाळाला मंदिरात आणले तेव्हा ती पुढे आली, तिने देवाचे आभार मानले आणि वाट पाहणाऱ्या सगळ्यांना त्याच्याविषयी सांगत राहिली. विधवेने सणापासून दूर राहावे असे म्हणणाऱ्यांना ही बाई दाखवा. आपल्याकडचे नाव हवे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचे घ्या. 1919 साली त्यांचे पती टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि ‘स्मृतिचित्रे’ही त्यानंतरच लिहिली.

यंदा जे जमेल तेवढेच करा. चांदणी मुलीला लावू द्या. बापाचे घर यंदा अंधारात ठेवायचे का, हा प्रश्न एका लेकराने का वाहावा? उपासनेत गाणी सहन झाली नाहीत तर मधून उठून बाहेर या, कोणाला कारण सांगू नका. कॅरलवाले आले तर दार उघडा, आणि जमले नाही तर मुलीला उघडू द्या. तळण मात्र तुम्ही करू नका, आणि ते शास्त्रासाठी नव्हे. ज्या घरी माणूस गेले त्या घरी पहिल्या दिवाळीला शेजारपाजारचे फराळ आणून देतात, ही या मुलखाची रीत आहे आणि ती सुंदर आहे. मंडळीने ती नाताळातही पाळावी.

म्हणून पंच कमिट्यांना एक विनंती. या वर्षी आपल्या मंडळीत ज्या ज्या घरी मृत्यू झाला त्या घरांची यादी कॅरलच्या आधी पाळकांकडून घ्या. 23 तारखेपर्यंत प्रत्येक घरी एका कुटुंबाने डबा भरून न्यावा, अर्धा तास बसावे, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलावे. कॅरल पार्टी दारात यावी की नाही, आणि आली तर कोणते गीत म्हणावे, हे त्याच भेटीत घरच्या बाईला विचारून ठेवावे.