देहाभिमान कोणाचा?

कर्करोगामुळे स्तन गमावलेल्या स्त्रीने तो पुन्हा घडवून घेण्याची इच्छा बोलून दाखविली की वडीलधारी मंडळी म्हणतात, "जीव वाचला हे थोडे का झाले? आता देहाचा मोह कशाला?" शब्द वैराग्याचे खरे, परंतु बोलणाराच्या तोंडात बहुधा कवळी असते.

नाक गेलेल्या मनुष्याला असा उपदेश कोणी केल्याचे ऐकिवात नाही. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेपासून नाक घडविण्याचा विधी सांगितला आहे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याच्या एका कारागिराने कपाळाच्या त्वचेचे नवे नाक दिले, आणि १७९४ मध्ये ती हकीकत लंडनच्या मासिकात छापली गेली. नाक ही अब्रू आणि स्तन तेवढा मोह, हा भेद कोणत्या शास्त्रातला? स्तन वस्त्राआड असतो, असे उत्तर मिळेल. पण जे जगाला दिसत नाही ते तिला रोज स्नानाच्या वेळी दिसते.

१८९५ मध्ये हायडेलबर्गचे शस्त्रवैद्य चेर्नी यांनी एका स्त्रीच्या कमरेवरील मेदाची गाठ काढून स्तनाच्या जागी बसविली. आज सिलिकॉनचे रोपण करता येते. ते जन्मभर टिकेलच असे नाही, आणि किरणोपचार झाले असल्यास त्यात अडचणी अधिक येतात. पोटावरील त्वचा व मेद छातीवर आणून तेथील रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडता येतात; ही शस्त्रक्रिया दीर्घ, आणि पोटावर दुसरी जखम राहते ती वेगळीच. पूर्वीची संवेदना मात्र कोणत्याही मार्गाने पूर्णपणे परत येईल, असा भरवसा नाही.

हे सर्व जाणून एखादी म्हणेल, "मला यातले काहीच नको." तीही तितकीच बरोबर. चोळीत कृत्रिम स्तन ठेवावा किंवा तोही ठेवू नये. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये हा नियम पाषाणाचा आहे. तो माणसाला लावून तिला अपूर्ण ठरविणे हा अधर्मच होय.

खरा दोष अन्यत्र आहे. स्तन काढतानाच पुनर्रचना करावयाची असेल तर तो विचार आधी व्हावा लागतो. त्वचा किती राखावयाची हेही त्यावर ठरते. नंतर, काही वर्षांनीही ती करता येते, हे पुष्कळ जणींना कोणी सांगितलेलेच नसते. आपल्याकडे ही बोलणी होतात ती पतीशी आणि मुलांशी, खोलीच्या दाराबाहेर, हलक्या आवाजात. आत ती जागीच असते.