योग्य भाव कोणता?



चंद्रपूरच्या मोठ्या स्टोअरमध्ये साखर किलोमागे दोन रुपये स्वस्त मिळाली की गावातला किराणावाला आपल्याला चोर वाटू लागतो. "लुटतो बघा, फादर," असे मी अनेकांकडून ऐकतो. दोन रुपये जास्त घेणे हे पाप आहे का? मोजूनमापून जगणाऱ्या घरासाठी हा प्रश्न लहान नाही.

कायद्याचे उत्तर अर्धेच आहे. बंद पुड्यावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त घेणे गुन्हा आहे. कमी घ्यायला मुभा आहे. मोठे स्टोअर ट्रकच्या ट्रक माल उचलते, म्हणून त्याला ते परवडते. सुटे तांदूळ, डाळ, मिरची यांवर मात्र किंमत छापलेली नसते. तेथे उरतो तो दुकानदाराचा विवेक.

संत थॉमस अक्विनास (1225-1274) यांनी 'सुम्मा थिओलॉजिया'त या विषयाची सविस्तर चर्चा केली आहे. त्यांची कसोटी अशी: वस्तू देताना विक्रेत्याला जे नुकसान सोसावे लागते, ते त्याने किमतीत धरावे. पण ग्राहकाला वस्तूची नड फार आहे, एवढ्याच कारणाने भाव वाढवता येत नाही. ती नड ग्राहकाची आहे, विक्रेत्याच्या मालकीची नाही. जे आपले नाही ते कसे विकणार?

भामरागडचे उदाहरण घ्या. आलापल्लीहून तेथवर माल न्यायचा तर भाडे लागते; ते किमतीत धरणे न्याय्यच आहे. पण पर्लकोटेला पूर येऊन रस्ता बंद झाला आणि आधीच भरून ठेवलेले मीठ दुप्पट भावाने विकले, तर त्यात भाडे कोठे आले? जंगलभागातल्या जुन्या माणसांना मिठाच्या बदल्यात चारोळी मोजून देण्याचे दिवस ठाऊक आहेत. जंगलात मीठ पिकत नाही, हे व्यापाऱ्याला चांगले माहीत होते. त्याच्या बैलगाडीचा खर्च खरा होता. पण चारोळी वेचून, वाळवून, फोडून काढण्याच्या श्रमाशी त्याची बरोबरी कशी व्हावी?

खरा गुंता उधारीचा आहे. तेंदूपत्त्याचे काम मे महिन्यात, धानाचे चुकारे येतील तेव्हा येतील. मधले महिने घर दुकानदाराच्या वहीवर चालते. मग काही दुकानांत रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा. पैशासाठी थांबावे लागते म्हणून भाव वाढवणे अक्विनास यांनी सरळ व्याजखोरीत धरले आहे. येथे मला ते जरा कडक वाटतात. ठोक व्यापारी किराणावाल्याकडून उशिराचे पैसे घेत असेल, तर ते त्याचे खरे नुकसान आहे आणि अक्विनास यांच्याच कसोटीने ते धरता येईल. मात्र ते किती, हे त्याने गिऱ्हाइकाला उघड सांगावे. वाचता न येणाऱ्या बाईला तिच्या नावावर काय मांडले ते वाचून न दाखवणारा दुकानदार कोणत्याच कसोटीला उतरत नाही.

मोठ्या स्टोअरची एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. तेथे रांग एकच असते. गुरुजी असोत, पाटील असोत की टोल्यावरून आलेली माडिया बाई, ज्याचा नंबर त्याचे बिल. माल हातात घेऊन बघितला तर कोणी खेकसत नाही. गावच्या दुकानात तिला बाजूला उभे ठेवून मोटारसायकलवाल्याला आधी सामान देतात, हे आपण सगळेच बघतो. (आपल्यातही दुकान चालवणारी कुटुंबे आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.) पण मयतीच्या रात्री दार ठोठावले तर उठून साखर-चहापत्ती बांधून देतो तो किराणावालाच, आणि त्या वेळी तो पैसे मागत नाही.

आता ग्राहक. नीतिसूत्रांच्या 20व्या अध्यायात एक ग्राहक आहे. घेताना तो मालाला नावे ठेवतो आणि बाहेर पडल्यावर फुशारकी मारतो. आपल्याकडचा ग्राहक पावसाळाभर वहीवर घेतो आणि चुकारे हाती आले की रोख घेऊन चंद्रपूरची बस पकडतो. स्वस्त मिळेल तेथे घेण्याचे स्वातंत्र्य त्याला आहे. वाचलेल्या पैशांतून मुलांची फी भरली जाते. पण वहीतली बाकी त्याची नाही. ग्राहकाची नड जशी दुकानदाराची नव्हती, तशी ही रक्कम ग्राहकाची नाही. ती फेडावी, आणि मग खुशाल बस पकडावी.