जक्कयाचा हिशेब

लूकच्या शुभवर्तमानाचा १९ वा अध्याय उघडा. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय उंबराच्या झाडावर चढतो, हा प्रसंग संडे स्कूलपासून ओळखीचा आहे. आज झाडापाशी थांबू नका. त्याच्या घरी चला. प्रभू येशू पाहुणे आलेत, लोक कुरकुरताहेत आणि यजमान उभा राहून बोलतो आहे.

सावकाश ऐका. तो दोन वेगळे आकडे सांगतो. अर्धी मालमत्ता गरिबांना. आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत.

पहिला आकडा ऐकून आपण खूश होतो. केवढा दानशूर! पण जरा दुसऱ्यापाशी बसा. फसवणाऱ्याने स्वतःहून कबुली दिली, तर मोशेच्या नियमशास्त्रात मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढ्यावर भागत असे. चौपट ही मेंढरू चोरून कापणाऱ्याची किंवा विकणाऱ्याची शिक्षा. कोणी खटला भरलेला नसताना जक्कय स्वतःला त्या चोराच्या रांगेत उभं करतो.

श्वास संथ होऊ द्या. गरिबांना वाटलेलं अर्धं, लुबाडलेल्या माणसाच्या खात्यात जमा होत नाही, हे त्याला कळलंय. आपली गफलत होते ती नेमकी इथे. दानपेटीत नोट टाकली की कामवाल्या मावशींचे कापलेले खाडे विसरायला सोपे जातात. त्या आजारी होत्या, हेही.

१३ व्या शतकातले संत थॉमस अक्वायनस न्यायाकडे सद्गुण म्हणून पाहतात: ज्याचं त्याला देण्याची माणसाची कायमची, न ढळणारी इच्छा. अन्याय पाहून एखाद्या दिवशी रक्त उसळणं वेगळं. लेवीयच्या पुस्तकात तर मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवायलाही मनाई आहे. बुडवणं दूरच, नुसती एक रात्रही नाही. त्या रात्री मजुराच्या घरची चूल कशावर पेटणार होती? या प्रश्नावर हवा तितका वेळ थांबा.

आता डोळे मिटा. कोणाचं काय आपल्याकडे राहिलंय? पैसे असतील. सहकाऱ्याच्या कामावर आपण मिळवलेली साहेबांची शाबासकी असेल. बोलता बोलता कुणाच्या नावाला लावलेला बट्टा असेल. तोही फेडायचा असतो, आणि मला वाटतं, तो फेडणं सगळ्यात अवघड. एकच नाव मनात धरा.

सबबी येतील, येऊ द्या. त्याला कुठे गरज आहे, फार वर्षं झाली, आता तो सापडणार कुठे. या शेवटच्या सबबीवर अक्वायनस यांनी विचार करून ठेवलाय. माणूस वारला असेल तर त्याच्या वारसाला द्या. पत्ताच लागत नसेल तर आधी कसून चौकशी करा आणि तरीही नाहीच सापडला, तर मग त्याच्या आत्म्याच्या कल्याणासाठी ते दान करा.

चौकशी कोणापासून सुरू करायची, ते उठण्याआधी ठरवा.